हळू आवाजासाठी छोटं रोहित्र

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. गावोगावच्या गटांकडून आमच्याकडे एक प्रश्न फिरून फिरून येतो. ‘आजीची गाणी रेकॉर्ड केली, पण तिचा आवाज बारीक. ऐकू यावा म्हणून बटण फिरवून मोठा केला, तर मागनं शूऽऽ असा आवाज येतो, पाऊस पडत असल्यासारखा. माइक बदलायचा की मशीन बदलायचं?’ काही गटांनी तर नव्या मशीनसाठी बचतीतले पैसे काढायचं ठरवलंय. ते पैसे काढण्याआधी आजचं बोलणं ऐका. वही-पेन जवळ असू द्या, मध्ये थोडं गणित आहे. भिशीच्या हिशोबापेक्षा सोपं आहे.

आमचं थोडं सांगतो. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना उंच इमारती आणि लोकलची गर्दी आठवते. २००२ साली इथे महानगरपालिका झाली. पण तिच्याच हद्दीत राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी गावं आहेत, खाडीकाठची मिठागरं आहेत आणि समुद्राकडे उत्तन, डोंगरी, पाली, चौक आहेत. आगरी घरांत लग्नाला धवलारीण लागते. ती धवले म्हणते आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. उत्तन-डोंगरीकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला जातात, तेव्हाची गाणी वेगळी. आता लग्नं हॉलमध्ये होतात, डीजे लागतो. ही गाणी ज्यांना पुरी येतात त्या बायका सत्तरी-ऐंशीच्या झाल्या. त्यातल्या एका आजींनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मना आता जोरान गावाला जमत नाय.” त्यांना जोरानं गायला लावणं बरोबरही नाही. दम लागतो, सूर सुटतो आणि मग गाणं त्यांचं राहत नाही. म्हणजे आवाज आहे तसा हळूच राहणार. तो नीट टिपायचा कसा, हे आपलं काम.

त्यासाठी आम्ही रिबन माइक वापरतो. रिबन म्हणजे फीत. नेहमीच्या स्टेजवरच्या माइकमध्ये एक पडदा असतो आणि त्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. आवाज आला की पडदा हलतो, वेटोळं लोहचुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. रिबन माइकमध्ये पडदाही नाही, वेटोळंही नाही. ताकदवान लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची एक चुणीदार फीत टांगलेली असते. बोटाएवढी लांब, चार-पाच मिलिमीटर रुंद. जाडी किती? दोन-अडीच मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर एका केसाच्या जाडीत अशा पंचवीस-तीस फिती मावतील.

एवढी हलकी फीत असल्यामुळे ती आवाजाबरोबर अगदी सहज हलते. तिच्यातून येणारा आवाज मऊ असतो. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात दात पडल्यामुळे ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येतात. बाजारात मिळणारे स्वस्त कंडेन्सर माइक ती शिट्टी जास्तच टोकदार करतात, ऐकताना कानाला टोचतं. रिबन माइक ती सौम्य करतो. आम्हाला तरी धवल्यासाठी याच्याइतका चांगला माइक दुसरा वाटला नाही.

ही काही नवी वस्तू नाही. १९२०च्या दशकात जर्मनीत सीमेन्स कंपनीत शॉट्की आणि गेरलाख या दोघांनी रिबनची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९३०च्या सुमारास अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी तिचा रेडिओसाठी उपयोगी माइक केला. जुन्या सिनेमात रेडिओ स्टेशन दाखवलं की समोर औषधाच्या कॅप्सूलसारखा मोठा, जाळीदार माइक असतो ना, तो आरसीए ७७. तो रिबनच. आपल्या मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेव्हा असे माइक बाजारात यायचे होते. नंतरची कितीतरी वर्षं जगभरच्या रेडिओवर त्यांचंच राज्य होतं. मग कंडेन्सर माइक पुढे आले, ते जास्त जोरकस आणि कमी नाजूक. रिबन मागे पडला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा मिळू लागलाय.

आता त्याची अडचण. फीत हलकी, त्यामुळे तिच्यातून निघणारी वीजही अगदी थोडी. एखादी आजी माइकपासून हातभर लांब बसून हळू गात असेल, तर रिबन माइकमधून बाहेर येतो साधारण एका व्होल्टचा दहा हजारावा भाग. त्याच आवाजाला कंडेन्सर माइक याच्या दहापट देतो. टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून अंदाज करा. एवढा बारीक विजेचा धागा मिक्सरमध्ये गेला की मिक्सरला तो हजार पट वाढवावा लागतो. आणि मिक्सरच्या पहिल्याच टप्प्यात त्याची स्वतःची थोडी खरखर असते. प्रत्येक मशीनला असते, महागड्यालाही. आजीचा आवाज हजार पट वाढला, तशी ती खरखरही हजार पट वाढली. तुम्हाला ऐकू येणारा शूऽऽ तो हाच. तो आजीच्या घरातला नाही आणि बहुतेक वेळा माइकमधलाही नाही. मिक्सरच्या दारातला आहे.

म्हणजे आवाज मिक्सरच्या दारात पोचण्याआधीच थोडा मोठा झाला, तर मिक्सरला कमी वाढवावं लागेल आणि खरखर कमी ऐकू येईल. हे काम करतो स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर.

ट्रान्सफॉर्मर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गावात खांबांवर बसवलेली डीपी, जी जळाली की आठवडाभर पाण्याची मोटर बंद, तिच्यातलं रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. तो अकरा हजार व्होल्टची वीज घेतो आणि आपल्या घरात २३०-२४० व्होल्ट पोचतील इतकी उतरवतो. उतरवतो, म्हणून तो स्टेप-डाउन. याचा उलटा भाऊ वीज केंद्रात असतो. चंद्रपूरला तयार झालेली काही हजार व्होल्टची वीज लांब पाठवायची तर आधी ती चढवून चार लाख व्होल्टपर्यंत नेतात. तो स्टेप-अप. आत दोघांचीही रचना एकच. लोखंडाच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. एकातून वीज आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते आणि दोघांच्या तारा एकमेकींना कुठे जोडलेल्याही नसतात. मधलं सगळं काम चुंबकत्व करतं. दुसऱ्या वेटोळ्यात दुप्पट फेरे असतील, तर व्होल्ट दुप्पट होतात आणि करंट निम्मा होतो. फुकट काही मिळत नाही. रोहित्र वीज तयार करत नाही, तिचं रूप बदलून देतं.

माइकसाठीचं रोहित्र काडेपेटीएवढं असतं. त्याला बॅटरी लागत नाही, प्लग लागत नाही. माइकची वायर एका बाजूनं आत, मिक्सरची वायर दुसऱ्या बाजूनं बाहेर. एकास दोन फेऱ्यांचं असेल तर आवाज सहा डेसिबलनं चढतो, एकास चारचं असेल तर बारा, एकास दहाचं असेल तर वीस. त्यात मिक्सरसारखे ट्रान्झिस्टर नाहीत, त्यामुळे मिक्सरसारखी खरखरही नाही.

खरं तर प्रत्येक रिबन माइकच्या पोटातही एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर असतोच. फितीतून येणारी वीज इतकी लहान की एकास तीस-पस्तीस फेऱ्यांचं रोहित्र आतच बसवल्याशिवाय ती वायरमधून पुढे जाऊच शकत नाही. आणि जुन्या काळच्या रेडिओच्या मशीनमध्येही, व्हॉल्व्हच्या आधी, दारातच दुसरं रोहित्र बसवलेलं असे. माइकमध्ये एक, मशीनमध्ये एक. त्या जोडीवर रिबन माइक चालायचे. पुढे मशीन लहान आणि स्वस्त करायची म्हणून मशीनमधलं रोहित्र काढून टाकलं गेलं. कंडेन्सर माइकला त्याची गरज नव्हती, म्हणून कुणाला काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. रिबनवाल्यांना मात्र वाटलं. आज आपण बाहेरून ट्रान्सफॉर्मर लावतो, म्हणजे काढून टाकलेली एक कडी परत जोडतो. कुणी दुकानदार ही नवी जादू म्हणून विकायला लागला, तर हे लक्षात असू द्या.

आता गणित. हे नीट ऐका, कारण पैसे इथेच वाया जातात.

प्रत्येक माइकच्या कागदावर एक आकडा लिहिलेला असतो, आउटपुट इम्पीडन्स. तो ओहममध्ये असतो. माइकला आपली वीज बाहेर ढकलताना आतून किती अडथळा होतो, त्याचं हे माप. मिक्सरच्या कागदावर तसाच आकडा असतो, इनपुट इम्पीडन्स. मिक्सरचं दार माइकवर किती ओझं टाकतं, ते यावरून कळतं. इथे आकडा जितका मोठा, तितकं ओझं हलकं. ठोकताळा असा की मिक्सरचा आकडा माइकच्या आकड्याच्या निदान पाचपट हवा. त्याहून कमी असेल, तर माइक दबतो. आवाज लहान होतो आणि रिबनच्या बाबतीत खालचे, खर्जातले सूर आधी पातळ होतात.

मध्ये ट्रान्सफॉर्मर आला की हा हिशोब बदलतो. मिक्सरच्या आकड्याला फेऱ्यांच्या वर्गानं भागायचं. एकास दोनचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर दोन गुणिले दोन, चारनं भागा. एकास चारचा असेल, तर सोळानं. आलेलं उत्तर माइकला दिसणारं ओझं.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. भाईंदरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त ध्वनितंत्रज्ञ काकांनी आम्हाला त्यांचा जुना रिबन माइक वापरायला दिला. त्यावर आकडा आहे ५० ओहम. आमचा मिक्सर साधा, १५०० ओहमचा. एकास दोनचा ट्रान्सफॉर्मर लावला. १५०० भागिले ४, म्हणजे ३७५. पन्नासच्या साडेसातपट. पाचपटीच्या वर आहे, चालेल. कागदावर सहा डेसिबल मिळायला हवेत, हाती पाचच्या थोडे वर येतात. थोडं ओझ्यात जातं. म्हणजे मिक्सरच्या दारात आवाज पावणेदोन पटींहून थोडा जास्त झाला. गेनचं बटण तेवढं मागे घेता आलं आणि शूऽऽ खाली बसला. गेला नाही, खाली बसला. पण आधी आजींच्या दोन ओळींमधल्या श्वासात खरखर पुढे यायची. आता तिथे त्यांचा श्वास ऐकू येतो.

मग साहजिकच वाटलं, एकास चारचा का लावू नये? भागाकार करून पाहू. १५०० भागिले १६, म्हणजे ९४ ओहमसुद्धा नाही. पन्नासच्या दुपटीलाही पोचत नाही. माइक दबणार. म्हणून तो विचार तिथेच सोडला.

आमच्याकडे दुसरा, नवा रिबन माइकही आहे. त्याचा आकडा २०० ओहम. तोच एकास दोनचा ट्रान्सफॉर्मर त्याला लावला तर? ओझं तेच, ३७५. दोनशेच्या दुप्पटही नाही. सहा डेसिबलचा दावा, पण हिशोब केला तर हाती साडेतीनच्या आत येतात आणि आवाजाचा खालचा भरीवपणा जातो. जात्यावरच्या ओवीत तो भरीवपणाच तर सगळा असतो. त्या माइकला आम्ही हा ट्रान्सफॉर्मर लावत नाही. तो थेट मिक्सरला जोडलेला बरा. म्हणून ‘रिबन माइक आहे ना, मग ट्रान्सफॉर्मर घ्या’ असं सरसकट सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी दोन्ही आकडे मागा. ट्रान्सफॉर्मर जुन्या, कमी ओहमच्या माइकला खरा उपयोगी पडतो.

एक वाट आणखी आहे. काही मिक्सरवर गिटार जोडायचं वेगळं दार असतं, त्यावर हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट असं लिहिलेलं असतं. त्याचा आकडा फार मोठा असतो, पुष्कळदा दहा लाख ओहम. तिथे एकास दहाचा ट्रान्सफॉर्मरही चालतो. दहा लाख भागिले शंभर, म्हणजे दहा हजार. दोनशे ओहमच्या माइकला हे पन्नासपट, काहीच ओझं नाही. वर वीस डेसिबल मिळतात. कागदावर उत्तम. पण गिटारचं दार काही मिक्सरमध्ये स्वतःच फार खरखरतं, मग एका हातानं मिळवलेलं दुसऱ्या हातानं जातं. हे ऐकूनच ठरवावं लागतं. आणि ही जोडणी केली तर ट्रान्सफॉर्मर मिक्सरला चिकटूनच ठेवा. माइकपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतची वायर लांब असली तरी चालते. ट्रान्सफॉर्मरपासून मिक्सरपर्यंतची मात्र हात-दोन हातांपेक्षा लांब नको. त्या पुढच्या तुकड्यात बाहेरची घुमघुम शिरते आणि वरचे बारीक सूर गळतात.

खरेदीचं म्हणाल तर आम्ही भाईंदरहून लोकलनं ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडला जातो. इलेक्ट्रॉनिक सामानाची ती जुनी बाजारपेठ. तिथे ‘मॅचिंग ट्रान्सफॉर्मर’ मागितला की एका टोकाला माइकची तीन पिनांची सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला गिटारचा जाड प्लग असलेली छोटी नळकांडी दाखवतात. स्वस्त असते. ती दुसऱ्या वाटेसाठी, गिटारच्या दारासाठी. पहिल्या वाटेसाठी दोन्ही टोकांना तीन पिना असलेली डबी लागते आणि तिच्यावर फेऱ्यांचं प्रमाण लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. दुकानात माइक आणि हेडफोन घेऊन जा, लावून ऐका, मगच पैसे द्या. दुकानदार कुरकुरला तरी हरकत नाही, साडी घेताना आपण घडी उलगडून बघतोच की.

ट्रान्सफॉर्मर घरी आला तरी एक गोष्ट सांभाळायची. रोहित्र चुंबकत्वावर चालतं, त्यामुळे आसपासचं दुसरं चुंबकत्वही ओढून घेतं. मोबाइलचा चार्जर, मिक्सरचा ॲडॅप्टर, फॅन, फ्रिज, शिलाई मशीनची मोटर यांच्याजवळ ठेवलं तर घूंऽऽ असा खालचा आवाज येतो. तो शूऽऽ पेक्षा वेगळा, कान दिलात तर लगेच कळतो. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला खास धातूचं कवच असतं, पैसे खरे तर त्या कवचाचे. तरीही घूंऽऽ आला तर ट्रान्सफॉर्मर हातभर सरकवा, नाही गेला तर आडवा-उभा फिरवून बघा. एका कोनात तो आवाज बहुधा पडतो.

मिक्सरवर ४८ व्होल्ट किंवा फँटम असं बटण असतं. कंडेन्सर माइकला ती वीज लागते. रिबनला लागत नाही आणि वायरमध्ये दोष असेल तर फीत ताणली जाऊन कायमची बिघडू शकते. बाहेरचे बरेच ट्रान्सफॉर्मर ही वीज अडवतात, पण सगळेच नाहीत. तेव्हा वायर जोडण्याआधी ते बटण बंद आहे ना, हे एकीनं बघायचं आणि दुसरीनं पुन्हा बघायचं. बाजारात छोट्या बूस्टर डब्याही मिळतात, त्या मात्र ४८ व्होल्टवरच चालतात. ती वस्तू वेगळी, ट्रान्सफॉर्मर वेगळा. दोन्हींना दुकानात एकच नाव देतात, म्हणून सांगितलं.

आणि बायांनो, रिबन माइकवर फुंकर मारायची नाही! कार्यक्रमात पहिला माणूस येतो, माइकवर टकटक करतो, फूऽ फूऽ करतो, मग हॅलो हॅलो. रिबन माइकवर एक जोराची फुंकर म्हणजे फितीचा शेवट. वारा असेल तिथे, समुद्राकडच्या गच्चीवर वगैरे, तो बाहेर काढायचाच नाही. नेताना कापडी पिशवी घालून उभा न्यायचा. आमच्या भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे आणि फॅब्रिकेशनचे कितीतरी गाळे आहेत. जिथे ग्राइंडर चालतो तिथे लोखंडाची भुकटी उडते. माइकमधलं लोहचुंबक ती ओढून घेतं, भुकटी फितीला अडते आणि आवाज खरखरायला लागतो. तुमच्या गावात वेल्डिंगचं दुकान असेल तर तिथून माइक दूर ठेवा. खाऱ्या, दमट हवेत पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्याच.

हे सगळं सांगितलं, पण ट्रान्सफॉर्मरच्याही आधी करायची एक गोष्ट आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. माइक जवळ न्या. आजी आणि माइक यांच्यात दोन फुटांचं अंतर असेल, ते एक फुटावर आणलं की आवाज जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पुरते सहा डेसिबल, एकास दोनच्या ट्रान्सफॉर्मरइतके. शिवाय ट्रान्सफॉर्मर रस्त्यावरचा रिक्षाचा आवाजही आजीच्या आवाजाबरोबर वाढवतो, त्याला दोन्हींत फरक कळत नाही. माइक जवळ नेला तर आजी वाढते, रिक्षा तिथेच राहते. फार जवळ मात्र नको. वीतभरापेक्षा जवळ गेलं की रिबन खर्ज फुगवतो आणि श्वासही थेट फितीवर येतो. एक फूट, सव्वा फूट बरं. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता नाकाच्या उंचीवर, किंचित तिरका.

रिबनचा आणखी एक गुण आहे, जो आपल्या कामाला अगदी जुळतो. ती फीत पुढून आणि मागून सारखंच ऐकते, पण दोन्ही बाजूंनी बहिरी असते. म्हणून रस्ता, खिडकी, फॅन हे माइकच्या बाजूला येतील असं बसवायचं, त्यांचा आवाज बराच पडतो. आणि जात्यावर दोघी बायका कशा बसतात? समोरासमोर, मध्ये जातं. त्याच जागी मधोमध रिबन माइक उभा केला, तर एकाच माइकमध्ये दोघींचा आवाज सारखा येतो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची, कुणाला वळून बघायला नको, माइक हातात धरायला नको. आमच्या दोन धवलारणींना असं बसवलं तेव्हा त्या माइक विसरूनच गेल्या. एकीची ओळ चुकली की दुसरी डोळ्यांनीच सांगायची. जुन्या रेडिओ नाटकांतही नट असेच माइकच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत.

तर अंतर आधी, बसण्याची जागा मग, आकड्यांचा भागाकार त्यानंतर आणि खरेदी सगळ्यात शेवटी. गटात तांत्रिक गोष्टी म्हटलं की पुरुषमाणसाला बोलवायची सवय असते. हा भागाकार चौथी शिकलेली बाई करू शकते आणि तो केल्यावर दुकानात आपल्याला कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. गटाच्या वहीत माइकचा आकडा, मिक्सरचा आकडा आणि ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख, तिनं रेडिओवर लावायला होकार दिला की नाही आणि माइक किती अंतरावर होता, एवढं लिहा. नंतर कुणाला तेच गाणं पुन्हा घ्यायचं झालं, तर ही ओळ उपयोगी पडते.

ट्रान्सफॉर्मर उपयोगी आहे की नाही, हे तपासायची रीतही सोपी आहे. तीच बाई, तेच अंतर, तीच ओळ, दोनदा घ्यायची. एकदा ट्रान्सफॉर्मरशिवाय, एकदा लावून. दोन्हींत तिचा आवाज सारखाच मोठा येईल असं गेनचं बटण लावायचं, नाहीतर जे मोठं ते कानाला चांगलं वाटतं आणि आपण फसतो. मग हेडफोन लावून गाण्याकडे नाही, गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेकडे कान द्यायचा.

आता आम्ही तुम्हाला असेच दोन नमुने ऐकवतो. आवाज आमच्या राईच्या एका आजींचा आहे, त्यांच्या परवानगीनं. पहिला नमुना ट्रान्सफॉर्मरशिवाय, दुसरा जुन्या माइकला एकास दोनचा ट्रान्सफॉर्मर लावून. घरातला पंखा बंद करा आणि आजी गायला लागण्याआधीचे दहा सेकंद नीट ऐका.

(यानंतर दोन्ही नमुने ऐकवण्यात आले.)